पाचोडच्या वाटेवर रिकाम्या पोटी

मुकुंदवाडी स्टेशनबाहेर सायकली उतरवल्या तेव्हाच साळवीचं प्रवचन सुरू झालं होतं. साळवी आमच्या नाशिकच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक. मी तिथंच शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. संभाजीनगरहून पाचोडपर्यंत रिकाम्या पोटी सायकल मारली की शरीर थेट चरबी जाळतं, हा त्याचा सिद्धांत. आदल्या दिवशीही त्यानं भात-पोळीला हात लावला नव्हता.

मी त्याला सांगायला हवं होतं. चरबी भरपूर असते, पण सावकाश जळते. जोर लावायचा तर स्नायूंना साखर लागते, आणि स्नायूंतला, यकृतातला तिचा साठा संपला की माणूस मोडतो. सांगितलं नाही. दरवर्षीच्या सायकलफेरीत तो मला मागं टाकतो. तो चाकात हवा भरत असताना मी टपरीवर दोन प्लेट पोहे खाल्ले.

"घाल कचरा पोटात," तो म्हणाला.

रस्ता सरळ, दोन्हीकडं कपाशी, वारा समोरून. साळवी छाती काढून पुढं. अडूळ ओलांडलं आणि त्याचे पाय जड झाले. "मांड्यांत ॲसिड साठलंय," म्हणाला. या व्यायामवाल्यांच्या जमातीला दमण्याचं एवढं एकच कारण ठाऊक असतं. ज्या लॅक्टेटला ते ॲसिड समजून शिव्या देतात, ते तर स्नायू इंधन म्हणून वापरतात. मग त्याचं बोलणं अडखळू लागलं. मेंदूलाही साखर लागते. मला ते कळलं, आणि मी मजेत त्याच्या पुढं गेलो.

मागं करकचून ब्रेक लागले. वळून पाहिलं, तर साळवी रस्त्यावर आडवा आणि ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलेला.

कडेला मोसंबी विकणाऱ्या सकीनाबींनी त्याला सावलीत बसवलं. "सकाळपासनं काय खाल्लं यांनी?"

"काही नाही."

"अन् तुम्ही?"

"पोहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मोसंबीच्या रसात साखर-मीठ घालून पेला साळवीपुढं धरला.

"साखर नको," तो पुटपुटला.

"उगं निमूट प्या. लई झालं तुमचं."

पंधरा मिनिटांत त्यानं दुसरा पेला मागितला. पाचोड राहिलंच, सायकली टेम्पोत टाकून परतलो.

टेम्पोत साळवी म्हणाला, "तू मागं वळलास म्हणून वाचलो."

मी मान डोलावली. त्याला काही कळत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. मला सगळं कळत होतं. पुढच्या आठवड्यात साखरेच्या साठ्याचा हाच धडा वर्गात शिकवला. पोरांनी नीट उतरवून घेतला.