मॅनेजरबाईंचा तक्ता

तीन महिन्यांच्या वर्गाचा पहिला महिना संपला आणि भाची अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. वर्गाचं नाव 'व्यवसाय-संवाद आणि उद्योजकता'. शिकवणारे टायवाले सर. या गृहस्थांनी जन्मात कधी एक बटण विकलं नव्हतं, पण ग्राहकाच्या मनात कसं शिरायचं हे ते फळ्यावर रंगीत बाण काढून दाखवत. भाची ते बाण उतरवून घ्यायची आणि घरी येऊन आत्याचं डोकं खायची. रोज 'आज मी काय शिकले' असं एक पानही लिहायचं असे. एके दिवशी तिनं लिहिलं, 'माझ्या आत्याला संवाद जमत नाही.' सरांनी त्यावर 'छान निरीक्षण' असा शेरा मारला. घ्या!

आत्या शिंपीण. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं, कापायचं टेबल आणि खिळ्यांना टांगलेले कोट. भाची तिच्याकडेच राहायची, तिच्याच शिवणावर जेवायची आणि तिलाच ऐकवायची, "आत्या, तुझ्याकडे व्हिजनच नाही."

"बरं, मॅनेजरबाई. येताना घेऊन या. आधी हे हूक लावा."

आत्याची एक रीत होती. गिऱ्हाईक जाड झालं तर तोंडातून ब्र काढायचा नाही. नवं माप गुपचूप वहीत लिहायचं, कोट सैल कापायचा, आणि कुणी म्हणालंच, "मागचा का हो आवळतोय?" तर म्हणायचं, "मीच मेलीनं घट्ट शिवला होता." भाचीला हा निव्वळ अडाणीपणा वाटे. सर म्हणत, पारदर्शकता हवी!

त्याच महिन्यात शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वतःसकट बावीस शिक्षिकांच्या कोटांचं काम दिलं. तीन वर्षांतून एकदा येणारं हे काम, आणि त्याच्यावर दुकान वर्षभर तगायचं. आत्यानं शाळेत जाऊन मापं घेतली. इकडे सरांनी गृहपाठ दिला: खऱ्या ग्राहकाला आकडेवारीसह स्पष्ट संदेश पाठवा. झालं, माकडाच्या हाती कोलीत.

भाचीनं आत्याच्या वहीवरून तक्ता केला. प्रत्येकीचं नाव, तीन वर्षांपूर्वीची कंबर, आजची कंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'वाढ'. ती लाल रंगात, कारण महत्त्वाचं ते लाल करा असं सर म्हणाले होते. खाली एक ओळ: 'आपल्या वाढीत आम्ही सहभागी आहोत.' आणि पाठवला कुठे? शिक्षिकांच्या ग्रुपवर! मापांच्या वेळा कळवायला त्यांनी आत्याला त्यात घेतलं होतं, तो आत्याचा फोन या बाईसाहेबांनी हातात घेतला आणि बावीस जणींच्या कंबरा चव्हाट्यावर मांडल्या.

दहा मिनिटांत मोठ्या बाईंचा फोन आला. काम रद्द.

आत्या मटकन स्टुलावर बसली. "अगं भवाने, आपलं वर्षाचं पोट होतं ते!"

भाचीची पाचावर धारण बसली. तरी अक्कल पाजळणं सुटतंय थोडंच? "सरांनी माफीच्या पाच पायऱ्या दिल्यात..."

"चुलीत घाल पायऱ्या. मोठ्या बाईंची वाढ किती आलीय?"

"तीन इंच."

आत्यानं कात्री घेतली आणि आपल्या टेपच्या सुरुवातीचे तीन इंच कचकन कापून टाकले.

"आणि बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्या काम देतात का? मोठ्या बाई देतात. ऊठ."

शाळेत मोठ्या बाई तोंड फिरवूनच बसल्या होत्या. आत्यानं टेप त्यांच्या टेबलावर ठेवली. "बाई, बघा ना माझा हलगर्जीपणा. टेप तुटलेली, मला पत्ताच नाही. सगळी मापं जास्त भरली."

मोठ्या बाईंनी टेप उलगडली. ती तीनापासून सुरू होत होती. बाईंचा चेहरा खुलला, आणि मग त्या आत्याला वाट्टेल ते बोलल्या. एवढी वर्षं शिवताय आणि तुटक्या टेपनं मापं घेता? डोळे गेले की काय? लाज नाही वाटत? दोन शिक्षिका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आत्याच्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ती मान खाली घालून "खरंय बाई, चुकलं बाई" म्हणत राहिली.

भाची शेजारीच उभी. 'तक्ता मी केला, टेप आताच कापलीय' एवढं एक वाक्य होतं. महिनाभर बोलायचं शिक्षण घेतलेली ही पोरगी, पण तोंडातून शब्द फुटेना. फुटला असता तर कामही गेलं असतं, हेही तिला कळत होतं. पण ती त्यासाठी गप्प नव्हती. ती भ्यायली होती.

"ही मुलगी शिकलेली दिसते," मोठ्या बाई म्हणाल्या. "हिनं कळवलं म्हणून चूक उघडकीला तरी आली. काम तुम्हालाच देते, पण यापुढे मापं हीच घेईल. तुम्ही नाही."

"बरं बाई," आत्या म्हणाली.

शाळेच्याच शिवणवर्गातून नवी टेप आली. आत्यानं ती भाचीच्या हातात दिली आणि स्वतः वही घेऊन बाजूच्या बाकावर बसली. भाचीनं पहिल्या शिक्षिकेच्या कंबरेभोवती टेप गुंडाळली, जरा जास्तच आवळली आणि म्हणाली, "बत्तीस."

आत्यानं त्या बाईंकडे एकदा नुसतं पाहिलं आणि वहीत चौतीस लिहिलं.

भाचीनं ते पाहिलं. शरमेनं तिचे कान तापले.

"सांग पुढचं," आत्या म्हणाली.