न पटलेल्या ओळींचे मास्तर

शांतवन मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या ऑफिसात वसतिगृहाच्या प्रवेशअर्जांचे गठ्ठे बांधत होतो. घाटनांदूरच्या एसटीडी बूथवरून आमच्या चर्चच्या मंडळीतला कुणीतरी ओरडून सांगत होता, "मास्तर गेले हो! दुपारी माती हाय, लगेच निघा." मी फोन ठेवला आणि हातातला गठ्ठा आधी बांधून पूर्ण केला. का, ते आजही सांगता येत नाही. मग अंबाजोगाईची गाडी धरली. कबरस्थानात पोचलो तेव्हा पेटी खाली उतरवायची बाकी होती. आताचे पाळक मला ओळखतात, त्यांनी पुढं बोलावलं आणि म्हणाले, मास्तरांचे सर्वांत लाडके विद्यार्थी दोन शब्द बोलतील. मी बोललो. शिस्तीचे, प्रेमळ, वाचनाचे वेडे... कुणाच्याही मातीला जे बोलता येतं तेच बोललो. जे बोलायला हवं होतं ते मात्र बोललो नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. तोंडानं जमलं नाही म्हणून लिहितो आहे.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव रविवारच्या वर्गात. उपासना संपली की चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दहा-बारा तरुण पोरं-पोरी चटईवर बसायचो. आमची मंडळी पस्तीसेक घरांची. त्यातली निम्मी घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जायची ती पार उन्हाळ्यात परतायची. निघणाऱ्या प्रत्येक पोराच्या वळकटीत मास्तर एक पुस्तक खुपसायचे, तिकडं फडावरच्या पाचटाच्या कोपीत वाचायला. आणि पुस्तकं तरी कसली? एकाचा लेखक चमत्कार मानत नसे. दुसरा म्हणे, शेवटी देव सगळ्यांनाच तारणार आहे, नरक रिकामाच राहणार. सगळे ख्रिस्ती लेखक, पण आमच्या मंडळीच्या शिकवणीशी त्यांचा उभा दावा. त्या खोलीतल्या लाकडी कपाटात ही पुस्तकं मास्तरांनी अगदी मानानं बसवली होती.

मला त्यांनी पहिल्यांदा दिलं ते चमत्कार न मानणाऱ्याचं पुस्तक. मी तेव्हा बावीस वर्षांचा, अंगात विश्वासाची नुसती रग. दुसऱ्याच दिवशी पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं आणि म्हणालो, "मास्तर, हे जाळलं पाहिजे!"

"जाळ की," मास्तर शांतपणे म्हणाले. "पन आधी त्याला उत्तर दे. जाळल्यावर उत्तर कुणाला देशील बे?"

मग त्यांनी मला पानं उलटून दाखवली. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा. आमच्यात शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना आवडलेल्या वचनाखाली रेघ मारायची घरोघर सवय. माझ्या आईच्या शास्त्रात तर लाल पेन्सिलीनं एकही पान कोरं ठेवलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "असल्या पुस्तकांत माझी रीत उलटी हाय. जे पटलं न्हाई त्याच्याखाली रेघ. पटलेलं ध्यानात ऱ्हातंच, त्याला काय करायचं? न पटलेलं निसटून जातंय. मंग आपन आपल्याच मनानं ठरवतो की समोरचा येडा हाय." ते ऐकताना मी मान डोलावली होती, हे मला लख्ख आठवतं. हे रेघांचं त्यांनी बाकी कुणाला सांगितलं होतं की नाही, ठाऊक नाही. मला सांगितलं होतं.

पुढं गावात केबलची डिश आली, घरोघर प्रवचनांच्या कॅसेटी वाजू लागल्या. कुणीही उठून काहीही शिकवू लागला. आमच्यातली दोन घरं कुठल्याशा नव्या पंथात गेली. त्याच सुमारास आम्हाला नवे पाळक मिळाले. माणूस वाईट नव्हता. कळपातलं एकेक मेंढरू निसटताना बघून धसकला होता, इतकंच. कुणीतरी मास्तरांच्या कपाटातलं एक पुस्तक त्यांच्या हाती नेऊन दिलं. पाळकांनी उघडून पाहिलं तर जिथं जिथं आमच्या शिकवणीच्या उलट लिहिलेलं, नेमकी तिथंच रेघ! त्यांनी जो अर्थ काढला तो आमच्यातल्या कुणीही काढला असता.

मंडळीच्या पंचांची बैठक बसली ती त्या मागच्या खोलीतच. मी नुकताच पंचांचा सचिव झालो होतो, इतिवृत्ताची वही माझ्याकडं. आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. बीडच्या वसतिगृहात कारकुनाची जागा निघाली होती आणि तिला पाळकांची शिफारस लागणार होती. पाळक एकेक रेघ मारलेली ओळ मोठ्यानं वाचत होते आणि दर ओळीनंतर विचारत होते, "मास्तर, हे आपल्याला इतकं आवडलं?" मास्तरांना आधी हसू आलं. ते सांगायला गेले की ही रेघ आवडल्याची नाही, तर एक वडील पंच उसळले, "आता काय बी सांगताल तुमी! न आवडलेल्याखाली कोन रेघ मारतंय?"

त्यावर मास्तर म्हणाले, "रेघ माझीच हाय. ती कावून मारली ते ह्या यशवंताला इचारा. त्याला ठावं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पाळकांनीही पाहिलं. मी वहीकडं बघत म्हणालो, "मला काही आठवत नाही."

शांतवन मास्तरांनी यापुढे वर्ग घेऊ नये, पुस्तकांचं कपाट बंद करावं, असा ठराव मीच लिहिला. त्यांनी त्याखाली सही केली आणि वही माझ्याकडं सरकवत म्हणाले, "अक्षर झकास हाय रे तुझं." माझं अक्षर त्यांनीच वळवलं होतं. महिन्याभरात मी बीडला रुजू झालो.

त्यानंतरची बारा वर्षं ते शेवटच्या रांगेत बसून उपासना ऐकत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. गावी भेटले की विचारायचे, "सध्या काय वाचतोस?" आणि मी म्हणायचो, वेळ कुठं मिळतो मास्तर. खरं तर वेळ भरपूर होता. मला आधीच माहीत असलेलंच सांगणारी पुस्तकं तेवढी मी वाचत होतो. बरं वाटायचं.

मागच्या नाताळात शेवटचं बोलणं झालं. त्यांच्या वर्गातला एक हुशार मुलगा पुण्याला गेला आणि विश्वास सोडून बसला, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. मला वाटलं, आता तरी म्हणतील की पाळकांचं बरोबर होतं. ते म्हणाले, "चूक माझी बी हाय. मी त्याला पुस्तक दिलतं, पन त्याच्याबरोबर बसून वाचायचं ऱ्हाऊन गेलं. वर्ग बंद झाला, यशवंता. वाचन थोडंच बंद होतंय? आता पोरं एकेकटी वाचतात." 'वर्ग बंद झाला' म्हणाले. 'तू बंद केलास' नाही म्हणाले. मी तेव्हा माफी मागायला हवी होती. त्यांच्या अंगणात अर्धा तास बसलो, पेरूच्या फोडी खाल्ल्या, आणि एसटी चुकेल म्हणून उठलो.

गेल्या आठवड्यात मास्तरांच्या पत्नीला, मार्थाकाकूंना, भेटायला गेलो. मास्तरांच्या मागं त्या एकट्याच आहेत. मोतीबिंदूमुळं त्यांना आता अक्षर लागत नाही. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "घर लई गप झालंय रे. वर्ग गेल्यापासून ह्ये मलाच समोर बसवायचे. रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचायचे, आन् पान संपलं की त्या लिव्हणाऱ्याशी भांडायचे. 'आसं कसं म्हनतोस बे तू?' म्हनून. मी भाकरी थापीत ऐकायची." मग त्यांनी मास्तरांच्या उशाजवळचं एक पुस्तक चाचपून काढलं. पानांत एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं. "एवढं अर्ध्यात ऱ्हायलंय. वाच की जरा."

पुस्तक कुणा रोमन कॅथलिक फादरांचं होतं. खुणेच्या पानावर मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेबद्दल लिहिलेलं. फादरांचं म्हणणं असं की मेलेल्यांचा आणि आपला संबंध तुटत नाही. जिवंतपणी राहून गेलेली क्षमा अजूनही मागता येते, आणि ती पोचते. आम्ही हे मानत नाही. माणूस गेला की ते दार मिटलं, इकडचा शब्द तिकडं जात नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे आणि वसतिगृहातल्या मुलांना मीही तेच शिकवत आलो आहे. मी पान सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबलो.

काकू वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, "थांबलास कावून? भांड की आता."

"काय भांडू, काकू?"

"आपल्याला पटत न्हाई न्हवं ह्ये? त्यांनी तर ह्या पानावर त्याला उभा धरला असता."

फादरांना द्यायची उत्तरं मला सगळी पाठ होती... त्यातलं एकही द्यावंसं वाटेना. ते फादर खोटे ठरायला नको होते मला, निदान त्या घरात, त्या संध्याकाळी तरी. डोळे भरून आले. काकूंना ते दिसलं नसावं.

"काकू," मी म्हणालो, "हेच पान परत एकदा वाचू का?"

"वाच," त्या म्हणाल्या. "पन जरा मोठ्यानं वाच. ह्ये मोठ्यानं वाचायचे."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं.