बँकॉकमध्ये कडक भाकरीचं दान

जयभीम मंडळी. मुलाबरोबर बँकॉकला आलोय. गर्दी आणि गाड्या एवढ्या, की रस्ता ओलांडताना छातीत धडधडतं.

आज सकाळी हॉटेलसमोर भिक्खू पात्र घेऊन आले. लोक भात, फळं देत होते. मी पिशवीतून सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली.

मुलगा म्हणाला, “बाबा, ठेवा की आत. लोक हसतील.”

“हसू देत. चोरून आणलीय व्हय?”

पण भिक्खूंनी घेतलीच नाही तर? चपला काढून भाकरी पात्रात ठेवली. त्यांनी ती घेतली आणि पाली भाषेत आशीर्वाद म्हटला. शब्द आपल्या विहारातलेच! भर रस्त्यात मी मोठ्यानं “साधु, साधु, साधु” म्हटलं.

आपण खातो तेच दान द्यायला लाज कसली? तुम्ही दिली असती का भाकरी?