शेवटच्या खुर्चीखालची सतरंजी

भोरला बदली होऊन आलो, तेव्हापासून दर रविवारी मी तिथल्या छोट्या चर्चमध्ये जातो. उपासनेआधी एक वयस्क बाई सतरंज्या अंथरत असायच्या. मध्येच थांबून कमरेवर हात ठेवायच्या, दम घ्यायच्या आणि पुन्हा वाकून कोपरा न् कोपरा ताणायच्या. चपला दाराबाहेर काढून खाली मांडी घालून बसायचं, ही इथली जुनी रीत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. पहिल्या रविवारी त्या बाई सवयीनं सतरंजी घेऊन आल्या आणि खुर्च्यांच्या रांगांपुढं तशाच उभ्या राहिल्या. मला खुर्च्या आणणाऱ्या तरुण मंडळींचा रागच आला.

"मावशी, तुम्हाला न विचारता आणल्या का ह्या?"

"म्याच मागितल्या," त्या म्हणाल्या. "गुडघं लई धरत्यात. खाली बसलं की उठवत न्हाई."

मग त्या शेवटच्या खुर्चीत बसल्या. प्रार्थना सुरू झाली, तशी त्यांनी सतरंजीची घडी अनवाणी पायांखाली सारली आणि डोळे मिटले.

बाहेर पडताना मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"गुडघ्यांना बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "मला आपल्याच घरात पावणी आल्यावानी वाटलं."