भाजलेली कॉफी आणि आप्पांची अट

लिहावं की नको, यातच तीन महिने गेले. कारण असले अनुभव वाचून सगळ्यात जास्त हसणारी मीच! एकवीस वर्षं कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये असिस्टंट आहे. कुणाच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली दिसली तर मिरचीला कीड आहे का, ते मी आधी बघते. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही.

आमचा फ्लॅट मुकुंदवाडीत, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. तिथं माझा उद्योग चालतो — कॉफीची तीन रोपं, मिरीचा एक वेल, एक कोको. सगळी दमट हवेतली झाडं. आणि सगळ्यांच्या अंगात अल्कलॉइड, म्हणजे किडीनं खाऊ नये म्हणून झाड स्वतःच बनवतं ती कडू द्रव्यं. आपल्या उन्हात, आठवड्यानं येणाऱ्या नळाच्या पाण्यावर ही जगवायची म्हणजे नसती उठाठेव, असं नवरा म्हणतो. असेना का. मला नाद आहे. कोणतं पान कधी फुटलं, किती वाढलं, सगळं वहीत लिहिते.

मागच्या वर्षी आई गेली आणि माझे वडील, आप्पा, आमच्याकडे आले. "लेकीच्या घरी किती दिस ऱ्हायचं" असं म्हणत म्हणतच राहिले. त्यांची शेंद्र्याची जमीन कधीच एमआयडीसीत गेली. जन्मभर शेती केलेल्या माणसाला माती म्हणून उरल्या त्या माझ्या कुंड्या.

फेब्रुवारीत त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. मी कामावरून आले तर घरभर धूर! त्याआधी दोनदा मला आईच्या नावानं हाक मारली होती. पुण्याचा माझा धाकटा भाऊ संजू म्हणाला, "ताई, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. काही झालं तर? वेरूळ रोडला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, चांगला आहे." मी रडले, पण फॉर्म भरला. खरं सांगते... सुटल्यासारखंही वाटलं.

आप्पांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "तुझी एक कुंडी घेतलीय. बी टाकलंय तिच्यात. ते उगवलं की मी जातो. त्याआधी न्यायचं नाय." फोनवर संजूला हसू आलं. "एवढंच ना? थांबू की मग!"

कुठलं बी, ते मला संध्याकाळी कळलं. नवऱ्याला दिवाळीत कंपनीतून एक खोका मिळाला होता, त्यात कॉफीच्या भाजलेल्या बियांचं पाकीट होतं. आमच्याकडे कॉफी कुणी पीत नाही, ते फ्रिजवर तसंच पडलेलं. आता ते फोडलेलं होतं.

"आप्पा, अहो हे भाजलेलं आहे! हे कसं उगवेल?"

"असं व्हय?" म्हणाले, आणि पाणी घालत राहिले.

इतकं भोळं तोंड! ज्या माणसानं नुसतं चावून बियाणं पारखलं, त्याला भाजलेलं बी ओळखू येईना. म्हणजे डोकं खरंच गेलं! संजूला मात्र मी हे सांगितलं नाही. वडिलांचं हसं होईल म्हणून असेल. त्याला एवढंच म्हटलं, "कॉफीला तीन महिने तरी लागतात, मेअखेर ये."

मार्च गेला, एप्रिल गेला. आप्पा रोज कुंडीवर गोणपाट ओलं करून टाकायचे. मी तिकडं बघायचंही सोडलं होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती कुंडी जागेवर नव्हती. शोधली, तर मागच्या बाजूला, कूलरच्या स्टँडमागं सरकवलेली. वर गोणपाट. ते उचललं.

बोटभर हिरवा देठ. ताठ. आणि त्याच्या टोकावर बी — कॉफीचं रोप आपलं बी डोक्यावर घेऊनच वर येतं. ताजं बी फिकट असतं. हे काळपट तपकिरी, तेलकट. नखानं किंचित खरवडून नाकाशी नेलं... भाजलेल्या कॉफीचा वास!

मागं आप्पा उभे.

"कधी उगवलं हे?"

"झाले आठ-धा दिस."

"आणि लपवून ठेवलंत?"

त्यांनी माझ्या हातातलं गोणपाट घेतलं. मग म्हणाले, "भाजलेलं हाय म्हणूनशानच टाकलं व्हतं, बाई. ते उगवत नसतंय. म्हणलं, तोवर हितंच ऱ्हाता यील."

म्हणजे डोकं जागेवरच होतं. मलाच कळलं नव्हतं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

"मग उपटून टाकायचं होतं ना! मला काय कळलं असतं?"

"दोनदा गेलो उपटाया. हात झाला नाय. आता शब्द दिलाय... सांग संजूला."

मेअखेर संजू गाडी घेऊन आला. आप्पा पिशवी भरून, टोपी घालून गॅलरीच्या दारात बसलेले. संजूनं विचारलं, "काय आप्पा, उगवलं का?" आप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोलले, "नाही रे. अजून नाही." ती कुंडी आता माझ्या बाकीच्या कुंड्यांत, उघडीच, संजूच्या गुडघ्याशी होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "मग थांबू अजून," म्हणाला आणि चहा मागितला.

आता मी कामावर जाताना सिलेंडरचा कॉक बंद करून जाते. एवढंच तर करायचं होतं.

पाकिटातल्या उरलेल्या बिया मी लॅबमध्ये भिजवल्या, ओल्या कागदात ठेवल्या, मातीत पेरल्या. सगळ्यांना बुरशी आली. आमचे सर म्हणाले, "कुणीतरी ताजं बी टाकलं असेल." कुणी? माझ्या रोपांना अजून फूलसुद्धा आलेलं नाही, आणि ताजं बी गावात मिळत नाही. बरं, डोक्यावरच्या त्या काळ्या बीचं काय? भट्टीतून निघालेल्या बीमध्ये जीव राहूच शकत नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि रोप माझ्यासमोर आहे, पानांची दुसरी जोडी फुटलीय. मला खरंच काही सांगता येत नाही.

दर रविवारी संजूचा फोन येतो. शेवटी विचारतोच, "ताई, उगवलं का गं?" आप्पा चहा फुंकायचे थांबतात.

मी सांगते, "नाही रे बाबा, अजून काहीच नाही."