खिडकीतली खाडी

कोपरखैरण्याच्या खाडीकाठी मी रोज सकाळी चालायला जातो. तिथं बी.एड. करणारी एक मुलगी विटांवर मोबाइल टेकवून चढत्या पाण्याचा व्हिडिओ काढायची. एका जागी बसणं नाहीच. सारखी उठून मोबाइल बघायची.

"काका, समोरून नका ना जाऊ. भूगोलाच्या पाठात अख्खी भरती दोन मिनिटांत दाखवायचीय. परीक्षक येणारेत."

पाठ झाल्यावर भेटली, तरी चुळबूळ तीच.

"परीक्षक खूश झाले. पण एका पोरीनं विचारलं, टीचर, ही खाडी कुठं आहे? काका, त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून हीच खाडी दिसते!"

"मग दाखवायची."

"प्रोजेक्टरसाठी खिडक्यांचे पडदे मीच लावले होते ना! आज त्यांच्या वर्गाच्या बाईंकडून एक तास मागून घेतलाय."

भरती ओसरायच्या आत पोहोचायला ती शाळेकडे पळतच सुटली. या तासाला मार्क नव्हते.