दुसरी हाक

दगडावर अक्षरं कोरणारा आमचा कारागीर पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. गिऱ्हाईक दारातून नावानं हाक मारी आणि हा आपला ढिम्म! दुसरी हाक आली की मग, "ओ, बोला!" बायको करवादायची, "कानात बोळे घातलेत का हो?" हा नुसता हसायचा.

सांगणार तरी काय, कप्पाळ? याच्याआधी आईला एक मुलगा झाला होता. चार वर्षांचा असताना तापानं गेला. पाठोपाठ हा जन्मला आणि आईनं तेच नाव याला ठेवलं. तेही मुळात आजोबांच्या बुडून गेलेल्या भावाचं. आई अंगणातून हाक मारी, हा धावत जाई, तर तिची नजर याच्या डोक्यावरून पार फाटकाकडे. मग भानावर येऊन ती पुन्हा हाक मारी आणि याला पोटाशी धरी. पोरानं मनाशी ठरवून टाकलं, पहिली हाक दादाची, दुसरी माझी.

धंदाही असा, की दफनभूमीतले जुने दगड घासायचे, बुजलेली नावं पुन्हा कोरायची. माती खरवडली की मधूनच तेच नाव वर येई. कुणी शंभर वर्षांपूर्वीचा खलाशी, कुणी मास्तर, कुणी लढाईत पडलेला कोवळा पोरगा. इतक्यांनी वापरलेल्या नावात आपण कुठं आहोत, हेच त्याला कळेना.

आई अंथरुणाला खिळली. हा रोज तिच्या खोलीबाहेर चपला काढून थांबे आणि दुसऱ्या हाकेलाच आत जाई. डोळे मिटण्याआधी एकदा, फक्त एकदा, तिनं पहिली हाक आपल्याला मारावी, एवढीच त्याची आस होती.

एका दुपारी बायको आत सासूला पाणी पाजत होती. हा बाहेर उभा होता. हाक आली, अगदी खणखणीत. हा थांबला. दुसरी काही येईना. मग बायकोचा हंबरडाच ऐकू आला.

सगळं उरकल्यावर तो म्हणाला, "शेवटीही तिनं दादालाच बोलावलं."

"अहो, काय बोलता!" बायको कळवळली. "हाक तुम्हालाच होती. मग माझ्या कानाशी पुटपुटल्या, 'दगडाची धूळ डोळ्यात जाते त्याच्या. चष्मा घाल म्हणावं मेल्याला.' दाराकडे बघत राहिल्या हो. तुम्ही आलात का नाही?"

चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यात कुठली आलीय दगडाची धूळ?

आता मागच्या गल्लीत त्याच नावाचं एक पोर आहे. दिवेलागणीला त्याची आई त्याला जेवायला हाक मारते. पोर खेळात दंग असतं. पहिल्याच हाकेला छिन्नी टाकून, अनवाणी, म्हातारा कारागीर दारात येतो.

"ओ आई," म्हणतो, "आलो!"